सह्या झाल्या, पण विचारलं कुणाला?

आपल्याकडं लोकसहभागाची बैठक म्हणलं की काय काय लागतं हे मला आता तोंडपाठ झालंय. एक फ्लेक्स, दोन हार, शाल-नारळ, सुरुवातीची दहा मिनिटं नुसता कुंई करणारा माईक, मागं बसणाऱ्यांना चहा, पुढं बसणाऱ्यांना चहा आणि बिस्किट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हजेरीचं रजिस्टर. सत्कारात पाऊण तास जातो, प्रास्ताविकात अर्धा तास, मग साहेब प्रोजेक्टरवर नकाशा दाखवतात, नकाशा आधीच फायनल असतो, कोपऱ्यात तारीखसुद्धा मागच्या महिन्याची असते, आणि शेवटी विचारतात "कुणाला काही शंका?" शंका विचारायला उठणारा माणूस पण ठरलेला असतो, तो त्याच्या शेताजवळच्या जळालेल्या डीपीचं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं विचारतो, सगळे हसतात, झाली बैठक.

मी डिप्लोमा सिव्हिल. अंबाजोगाई, केज, धारूर, रेणापूर असल्या बीड-लातूरच्या पट्ट्यात ग्रामपंचायतीची बारकी बारकी कामं असतात ना, अंगणवाडीची खोली, नाली, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचं शेड, त्याची ड्रॉइंग आणि एस्टिमेट करून द्यायचं काम करते. मोठं काही नाही. पण बारक्या कामात एक गंमत असते, आपण काढलेली रेघ कुणाच्या अंगावर पडली हे सहा महिन्यांत डोळ्यासमोर दिसतं. मोठ्या हायवेवाल्या इंजिनिअरला ते कधीच दिसत नसेल.

लोकांना कुणी विचारतच नाही असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. विचारतात की! कायद्यानंच विचारावं लागतं. ग्रामसभा आहे, तिच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची सोय कायद्यात आहे, मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी आहे, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर सामाजिक परिणाम तपासायचं आणि खाजगी प्रकल्प असेल तर ८० टक्के लोकांची संमती घ्यायचं सुद्धा लिहिलंय. अडचण दुसरीच आहे. ज्या माणसाला ती वस्तू रोज वापरायचीय तो माणूस विचारायच्या वेळी तिथं नसतो (ऊसतोडीला गेलेल्यांचं तर पुढं सांगतेच, माझा मूळ विषय तोच आहे), आणि असला तर त्याला विचारतात "काय पाहिजे?" हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत झालंय.

कारण "काय पाहिजे" म्हणलं की लोक मेनूकार्ड बघून सांगतात. सरकारच्या कुठल्या हेडला, म्हणजे कुठल्या कामाच्या नावाखाली पैसे येतात हे गावाला आपल्यापेक्षा चांगलं माहिती असतं. म्हणून कुठल्याही गावात जा, यादी तीच. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्वागत कमान. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावानं कमान मागितलेली मी बघितलीय, आणि त्यांना येडं म्हणायचं कारण नाही, कमान मंजूर होते हे त्यांना माहिती होतं, पाणी मंजूर होत नाही हे पण माहिती होतं.

त्याऐवजी "कशाची काळजी वाटते", "रोज कुठं अडतं", "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता" असलं काहीतरी विचारलं की वेगळंच गाव समोर येतं. एकदा एका गावात हापशाशेजारी धुणं धुवायचा कट्टा बांधायचा होता. ड्रॉइंग वरून आलेलं, टाईप प्लॅन, सगळ्या तालुक्याला एकच. मी फक्त जागेवर आखणी करायला गेलते. टेप धरायला कुणी नव्हतं म्हणून तिथं धुणं धूत असलेल्या एका मावशीला म्हणलं मावशी जरा हे टोक धरता का. त्यांनी धरलं आणि विचारलं, "बाई, तोंड कुणीकडं करायलीस ह्याचं?" म्हणलं रस्त्याकडं. "कामून?" आता खरं कारण सांगायचं तर असं होतं की काम झाल्यावर बोर्डासकट जिओटॅग फोटो (जागेची नोंद असलेला) काढावा लागतो आणि रस्त्याकडून फोटो चांगला येतो. मी तेच सांगितलं. मावशी म्हणल्या, "फुटू काय एकदाच निघंल. आमाला रोज बसायचंय. समोर हॉटेल हाय, दिवसभर माणसं बसतेत तिथं, आन् आमी लुगडं गुडघ्यापर्यंत वर खवसून त्यांच्याकडं तोंड करून बसायचं व्हय?"

मग त्या बोलायलाच लागल्या, मी टेप खाली ठेवला. प्लॅनमध्ये उतार होता तो बसणाऱ्या बाईच्या दिशेनं होता, म्हणजे साबणाचं पाणी सगळं तिच्या पायाखालून जाणार. कट्ट्याची उंची अशी की उभं राहून धुवायला बुटका आणि बसून धुवायला उंच. "म्हातारीला बसवत न्हाई, सुनंला उभारवत न्हाई पोटुशी असल्यावर, दोन्हीचं कर की काय तरी." सावली नाही. घागर ठेवायला वेगळी जागा नाही, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या घागरीत फेस उडणार. आणि शेवटी एक बारीक गोष्ट सांगितली जी मला आयुष्यात सुचली नसती, कट्ट्याला कडेनं दोन बोटं उंच काठ पाहिजे, नाहीतर साबण घरंगळून नालीत जातो आणि पाच-दहा रुपयांचा साबण गेला की घरी बोलणं बसतं.

तोंड फिरवायला खर्च शून्य. उतार उलटा करायला शून्य. काठाला किती, दोन पाट्या सिमेंट लागलं असेल. अर्धा कट्टा बसायचा, अर्धा उभारायचा. अंदाजपत्रकात बसलं सगळं. शेडसाठी पैसे नव्हते ते नाहीच झालं, तिथं कडुलिंबाचं झाड लावलंय, बघू. पण मुद्दा असा की त्याच गावात महिन्याआधी महिला ग्रामसभा झालेली होती, प्रोसिडिंगमध्ये "धुणे धुण्यासाठी ओटा बांधणे" असा ठराव होता, सूचक अनुमोदक सगळं होतं. त्या सभेला ह्या मावशी होत्या का म्हणून विचारलं तर म्हणल्या होते की, माझा अंगठा बी हाय. मग तिथं बोलल्या का नाही? "तिथं कुणी तोंड कुणीकडं करू आसं इचारलं न्हाई."

हे जे आहे ना, ठरावात ओटा मंजूर होतो पण त्याचं तोंड कुणीकडं हे ठरवणारा दुसरीकडं बसलेला असतो, हे मला सगळीकडं दिसतं. मोठ्या कामात तर जास्तच.

किल्लारीचं बघा. माझं आजोळ किल्लारीच्याच औसा तालुक्यातलं, त्यामुळं हा विषय घरचाच. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या जरा आधी भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, हजारोंनी माणसं गेली. घरं कसली होती, दोन-दोन तीन-तीन फुटांच्या दगडाच्या भिंती, मधी माती आणि दगडगोटे भरलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकाला बांधलेला नाही, आणि वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, दर पावसाळ्याआधी त्याच्यावर पांढरीच्या मातीचा अजून एक थर. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर. हललं की भिंत मधून उकलली आणि दगड अंगावर. बऱ्याच घरांत लाकडाचे खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या.

मग पुनर्वसन झालं, जागतिक बँकेच्या कर्जातून, सरकारनं केलं, कितीतरी संस्था आल्या, आणि ते काम लहान नव्हतं हे आधी मान्य करते. उगं शिव्या द्यायला मी लिहित नाही. ५२ गावं पूर्ण नव्या जागेवर वसवली. जमिनीच्या प्रमाणात घरं, २५० चौरस फूट, ४५० आणि ७५०. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, शहरातल्या कॉलनीसारखं. आणि लोकांना विचारलं नव्हतं का? विचारलं होतं! लोकच म्हणत होते दगड नको, माती नको, जुन्या जागेवर नको, स्लॅबचं द्या. माझी आजी सांगायची की त्यानंतर कितीतरी दिवस दगडाची भिंत दिसली की तिला तिच्याकडं पाठ करून बसवत नव्हतं. असल्या माणसाला तुम्ही ऑक्टोबर ९३ मध्ये "काय पाहिजे" विचाराल तर तो स्लॅबच म्हणणार ना, दुसरं काय म्हणेल.

पण काळजी काय होती? रात्री झोपेत भिंत अंगावर पडू नये, एवढी. ह्या काळजीला स्लॅब हे एक उत्तर होतं, एकमेव नव्हतं. भिंतीचे दोन्ही थर बांधणारे लांब दगड मधी मधी घालणं, दारा-खिडकीच्या वर सगळ्या घराला फिरून एक काँक्रीटचा पट्टा देणं, माळवदावरची माती कमी करणं, ह्याच्यानं पण दगडाचं घर कितीतरी सुरक्षित होतं आणि हे तेव्हा इंजिनिअर लोकांना माहिती होतं, कारण जी गावं हलवली नाहीत तिथल्या लाखाच्या वर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्याच कार्यक्रमात असंच झालं.

नव्या गावात मग काय झालं ते आजीच्या घरात बसून दिसायचं. ढेलज गेली. आमच्याकडच्या घरात दारातून आत शिरलं की ढेलज लागते, तिथं म्हातारी माणसं बसणार, आलागेला तिथंच थांबणार, आत बायकांचं राज्य. नवीन घर दार उघडलं की सरळ रस्ता. आजोबा कुठं बसणार आणि मामी डोक्यावरचा पदर किती वेळ सांभाळणार. गोठ्याला जागा नाही, मग बैल तिकडं शेतात आणि रात्री कुणीतरी तिकडं झोपायला. कडबा ठेवायला जागा नाही. सोयाबीनची पोती कुठं ठेवायची, तर संडासात, कारण पाणी नव्हतंच तर संडासाचा दुसरा उपयोग काय. भावकी पांगली, एका भावाला जास्त जमीन म्हणून तो ह्या टोकाला आणि दुसऱ्याची कमी म्हणून तो त्या टोकाला, आणि अंतर एवढं की आजीला बहिणीकडं जायचं म्हणजे उन्हातनं चप्पल घालून निघावं लागायचं, आधी ती भिंतीवरनं हाक मारायची. एप्रिल-मेमध्ये स्लॅब असा तापायचा की आजी पत्र्याच्या पडवीत यायची, जी मामांनी नंतर स्वतःच्या पैशानं काढली होती. आता त्या गावांत जाऊन बघा, मूळ घर शोधावं लागतं, पुढं पडवी, मागं चूल, बाजूला गोठा, वर पत्रे, लोकांनी तीस वर्षांत ज्याची त्याची दुरुस्ती करून घेतलीय. ते जोडकाम मला नकाशापेक्षा जास्त शिकवतं. जे जे लोकांनी नंतर जोडलं ते सगळं आधी विचारायचं राहिलेलं.

पण त्याच किल्लारीत एक गोष्ट चांगली पण झाली आणि ती फार कुणी सांगत नाही. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या गावांत पैसे घरमालकाच्या हातात हप्त्या-हप्त्यानं द्यायचे आणि काम त्यानं करून घ्यायचं असं ठरलं. आता गावातल्या माणसाला काय कळणार काँक्रीटचा पट्टा म्हणजे काय. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग ह्या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका "संवाद सहायक" म्हणून उभ्या केल्या, हजाराच्या वर गावांत. ह्या बायका घरोघर जाऊन हप्ता कधी येतो, कशासाठी येतो, गवंडी काय घालतोय काय नाही हे बघायच्या, लोकांचं गाऱ्हाणं वर कळवायच्या. म्हणजे विचारणं एका दिवसाच्या बैठकीत संपलं नाही, काम चालू असेपर्यंत चालू राहिलं. माझ्या मते फरक तिथं पडला. बैठकीत बाई बोलत नाही पण स्वतःच्या घराच्या भिंतीसमोर उभी राहिली की गवंड्याला सोडत नाही.

दुसरं उदाहरण पण आपल्या मराठवाड्याचंच आहे आणि ते आपल्याच लोकांना माहिती नसतं, हापसा. आज आफ्रिकेपर्यंत लाखोंनी बसलेला जो इंडिया मार्क टू हापसा आहे त्याची मुळं जालन्यात आहेत. सांगते कसं. साठ-सत्तरच्या दशकात दुष्काळामुळं कठीण खडकात बोअर मारायची मशिनं देशात आली, युनिसेफनं आणली, बोअर धडाधड झाले, आणि त्याच्यावर जे हातपंप बसवले ते ओतीव लोखंडाचे, मूळ युरोप-अमेरिकेतल्या एका शेतकरी कुटुंबानं दिवसातून दहा-वीस बादल्या काढाव्यात म्हणून केलेल्या पंपांच्या नकला. आपल्याकडं त्या पंपावर सगळं गाव. पहाटे चारपासून रात्रीपर्यंत दांडा थांबायचा नाही, लेकरं लोंबकळायची, दोन-दोन बाया मिळून हापसायच्या. पंप काही आठवड्यांत मोडायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बसवलेल्यातले बहुतेक पंप बंद सापडले. कागदावर गावाला पाणी, गावात मोडका दांडा.

जालन्याला स्कॉटिश मिशनचे लोक बोअरचं काम करत होते, ते मोडलेले पंप त्यांनाच दुरुस्त करावे लागत होते. त्यांनी काय केलं, कुठं मोडतंय ते बघितलं. जास्तीचे सांधे काढले, दांडा एकाच खिळीवर फिरेल असं केलं. त्याला जालना पंप म्हणायचे. मग सोलापूरला ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश मिशनऱ्यानं तेच पुढं नेलं, पोलाद, साखळी, बेअरिंग, आणि त्या सोलापूर पंपावरून युनिसेफ आणि सरकारनं मिळून मार्क टू केला, कोइमतूरकडं बोअरवर बसवून चाचणी घेतली. म्हणजे सुरुवातीचं संशोधन कुठं झालं, तर मोडलेला पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वैतागातून.

आणि त्यात पण पुढं एक राहिलेलंच होतं. मार्क टू मोडायचा कमी, पण मोडला तर खालचा वायसर (वॉशर) बदलायला सगळे लोखंडी पाईप वर ओढावे लागायचे, तीन पायांचं स्टँड, चार-सहा माणसं, तालुक्याहून गाडी. गाडी कधी येणार, तर येईल तेव्हा. बायकांना हापसा भारी किती आहे ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, बंद पडला की किती दिवसांनी चालू होतो ह्याच्याशी होतं. म्हणून मग ऐंशीच्या दशकात मार्क थ्री आला, पाईप जागेवर ठेवून नुसता आतला दट्ट्या वर काढता येतो, गावातली दोन माणसं पाना घेऊन दुरुस्त करतील असा. दुरुस्ती करणाऱ्याला डिझाईनमध्ये बसवायला एवढी वर्षं गेली. आजही आपण वापरणाऱ्याला थोडंफार विचारतो पण दुरुस्त करणाऱ्याला अजिबात विचारत नाही, पाणी सोडणाऱ्या शिपायाला कुणी विचारलंय का की व्हॉल्व्ह कुठं बसवू? त्याला रात्री दोनला लाईट आली की चिखलात उतरून तो चालू करावा लागतो, आणि ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्ह नालीच्या शेजारी.

आता माझा मूळ विषय, ज्याच्यासाठी हे एवढं लिहिलं. जी माणसं तिथं नसतातच त्यांचं काय?

बीड जिल्ह्यातली आणि आसपासची लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या गाड्या हलायला लागतात, दिवाळीच्या मागंपुढं गाव रिकामं, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परत. आता आपलं सरकारी कॅलेंडर त्याच्या शेजारी ठेवा. गावाचा वर्षाचा आराखडा करायची मोहीम सुरू होते २ ऑक्टोबरला आणि चालते डिसेंबर-जानेवारीपर्यंत. ग्रामसभा २६ जानेवारीला. पैसे खर्चायची घाई मार्च एंडला. म्हणजे गावाचं काय करायचं हे ठरवायचा, मंजूर करायचा आणि खर्चायचा सगळा हंगाम आणि ऊस तोडायचा हंगाम एकच! कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्यानं कॅलेंडर केलं त्याच्या घरातलं कुणी उसाच्या फडात (तोडणीच्या रानात) नसणार हे नक्की.

ह्याचा परिणाम एका ठिकाणी मी स्वतः कागदावर बघितला. नळजोडणीची घरोघरची यादी होती, डिसेंबरात सर्व्हे झालेला. खालच्या वस्तीतल्या घरांपुढं ओळीनं लिहिलेलं, "घर बंद", "घर बंद", "कुलूप", "घर बंद". सर्व्हे करणाऱ्या पोरानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं, घरं बंदच होती. पण पुढच्या टेबलावर त्या "घर बंद" चा अर्थ झाला जोडणीची गरज नाही, मग पाईपलाईनची लांबी तेवढी कमी धरली, पाईपचा व्यास कमी धरला, टाकीची क्षमता कमी धरली. माणशी दिवसाला ५५ लिटर हा हिशोब, माणसंच कमी धरली की लिटर आपोआप कमी. आणि ती माणसं परत येतात कधी? उन्हाळ्यात. बरोबर ज्या महिन्यांत पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा गावाची लोकसंख्या सगळ्यात जास्त.

त्यातली पण सगळी घरं खरी बंद नव्हती. पुढचं दार कुलूप, पण मागच्या खोलीत म्हातारी आणि दोन शाळेतली नातवंडं. सर्व्हेवाल्यानं मागं जाऊन बघितलं नाही, म्हातारीला ऐकू येत नाही.

मी फडातल्या एका बाईशी फोनवर बोलले, तिच्या दिराकडून नंबर घेऊन. कर्नाटकाच्या बाजूला होती, रात्री आठला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) आल्यावर. मागं गाड्या भरायचा आवाज, लेकरू रडतंय, ती म्हणली ताई पटकन बोला मला पहाटं तीनला उठायचंय. मी विचारलं नळ कुठं पाहिजे घरात. तिनं जे सांगितलं ते ऐकून मी सरळ झाले, "नळ खाली बसवा, मी नसते सहा म्हैने, माझी पोरगी भरती पाणी, नऊ वर्षांची हाय, तिचा हात पुरला पायजे. आन् दाराच्या आत बसवा, बाहीर नको, म्हातारीला रातच्याला दिसत न्हाई." आमच्या ड्रॉइंगमध्ये नळाची उंची एकच असते, आणि ती मोठ्या माणसाच्या उभं राहून घागर भरायच्या हिशोबानं.

आता जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर लोकांचं म्हणणं मला माहिती आहे, कारण ते माझ्या तोंडावरच म्हणतात. मॅडम, सगळ्यांना विचारत बसलो तर मार्च निघून जाईल, निधी परत जाईल, मग कट्टाही नाही आणि नळही नाही. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. निधी परत गेलेला मी बघितलाय. आणि विचारलं की भांडणं पण बाहेर येतात. त्या धुण्याच्या कट्ट्याचं तोंड फिरवलं तर हॉटेलवाल्यानं हरकत घेतली, पाणी माझ्या दुकानाकडं येईल म्हणून, वरच्या गल्लीतल्यांनी म्हणलं आमच्याकडं का नाही, आणि हापशावर आधी कुणी घागर लावायची ह्याच्यामागं जातीची किती जुनी गाठ आहे हे मी वेगळं सांगायला नको. सगळ्यांना विचारलं म्हणजे सगळे खूश होतात असलं काही होत नाही.

पण सगळ्यांच्या काळज्या सारख्या वजनाच्या धरायच्याच कशाला? हॉटेलवाल्याची काळजी ऐकली, नाली दोन फूट लांबवली, झालं. तोंड मात्र बायकांच्या म्हणण्यानंच. ज्याला तिथं रोज दोन तास अंग मोडायचंय त्याचं म्हणणं, ज्याला ते नुसतं समोरून दिसणारय त्याच्यापेक्षा वर, आणि जो घरातून निघून गेल्यावर मागं त्याची लेकरं ती वस्तू वापरणार आहेत त्याचं तर सगळ्यात आधी. आणि वेळेचं म्हणाल तर ह्याला वेळ लागतो हे निम्मं खरं आहे, चुकीच्या वेळी विचारलं तर लागतो. दसऱ्याआधी गावात सगळे असतात. पोळा ते घटस्थापना ह्या मधल्या दिवसांत एक संध्याकाळ वस्तीवर जाऊन बसलं तर जे कळतं ते डिसेंबरात कुलपाला विचारून कळणार नाही.

ह्या वर्षी एका ग्रामपंचायतीत सरपंचबाईंनी ते मान्य केलंय. त्या स्वतः आधी फडात गेलेल्या आहेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं की मुकादमाला मधी घालू नका, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच्याकडून घेतलेली असते, त्याच्यासमोर कुणी बोलणार नाही. सभा वस्तीवर, संध्याकाळी स्वयंपाक व्हायच्या आधी, बायकांची वेगळी. ग्रामसेवकभाऊंची अट एकच, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते सगळं परत वाचून ठराव घ्यायचा, नाहीतर ऑडिटला चालत नाही. चालतंय की. आणि सर्व्हेच्या फॉर्मवर "घर बंद" च्या पुढं अजून एक रकाना वाढवून मागितलाय, "कधी परत येणार, मागं कोण राहतं". रकाना वाढवायला वरून परवानगी लागते म्हणं, तोपर्यंत पेननं रेघ मारून लिहायचं ठरलंय.

तुमच्या गावचा आराखडा ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी पोर्टलवर बघायला मिळतो, मोबाईलवर सुद्धा, त्यात वित्त आयोगाचा बंधित निधी म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला हिस्सा कशावर धरलाय ते जरूर बघा. आणि तुमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या जात असतील तर त्यांना कोण, कधी विचारतं हे मला कमेंटमध्ये कळवा. विशेषतः कुठं फडावर जाऊन किंवा व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागवून सभा घेतली असेल तर, कारण आमच्याकडं रेंज हा एक वेगळाच विषय आहे आणि त्याच्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.